धोतरातून गाळलेलं तेल

ऑटोमॅटिक गाडीला क्लचचं पेडल नसतं, ही गोष्ट पाबळमधल्या काही ज्येष्ठांना अजून अपमानास्पद वाटते. देवाने डावा पाय दिलाय, तो गाडीत बसल्यावर करणार काय? आमच्या दाजींनी जुन्या बाजारातून ऑटोमॅटिक एसयूव्ही आणली तेव्हा पारावर पहिला प्रश्न हाच आला; किंमत आणि अ‍ॅव्हरेज नंतर. दाजी म्हणाले, "डावा पाय निवांत ठेवायचा." त्यावर नाना म्हणाले, "म्हंजी निम्मीच गाडी चालवायची म्हण की." नाना हे दाजींचे चुलते. वय ऐंशीच्या पुढं, धोतर-पैरण-टोपी परीटघडीची, आणि कुणी मत विचारेपर्यंत थांबायची सवय नाही.

तसं पाबळकरांना ऑटोमॅटिक गाड्यांचं दर्शन नवं नाही. मस्तानीला इनाम मिळालेलं हे गाव. 1740 मध्ये ती गेली आणि तिची कबर इथेच आहे. पेशवाई बुडाली, इनामं गेली, पण 2015 मध्ये सिनेमा आला आणि पुण्या-पिंपरीची मंडळी शनिवार-रविवारी काच अर्धी खाली करून "मस्तानीची समाधी कुठं आली हो?" असं विचारू लागली. यातली ऑटोमॅटिक गाडी कुठली, ते पाबळची पोरंसुद्धा ओळखतात. पत्ता विचारणाऱ्याचा पाय ब्रेकवरून जरा सैल झाला की गाडी आपोआप पुढे सरकायला लागते. आणि आमच्याकडे पत्ता थोडक्यात सांगायची रीत नाही. आधी तुम्ही कुठले, मग तुमचे इकडे कोण, आणि मग डावीकडे वळा. तोवर गाडी सरकत सरकत पंचवीस पावलं पुढे गेलेली असते आणि पत्ता सांगणारा खिडकीला हात लावून तिच्याबरोबर चालत असतो. एकाला तर मी असा थेट समाधीपर्यंत पोचवून परत येताना पाहिलेला आहे.

ही सरकायची खोड टॉर्क कन्व्हर्टरची. साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेट असते. इथे असतो एक गोल, जाड पत्र्याचा, कडेने वेल्डिंग करून कायमचा बंद केलेला डबा. आत तेल. इंजिनाबरोबर फिरणारी पाती ते तेल समोर भिरकावतात, समोरची पाती त्या माऱ्याने फिरतात आणि गिअरबॉक्सला फिरवतात. मध्ये स्टेटर नावाचं तिसरं चाक बसलेलं असतं. परत येणाऱ्या तेलाला वळण लावून ते नीट कोनात पुन्हा कामाला जुंपतं, त्यामुळे गाडी जागेवरून उठताना इंजिनाचा जोर वाढून मिळतो. दोन बाजूंचा एकमेकींशी लोखंडाचा संबंध नाही, जे काय बोलणं ते तेलातून. (वेग आल्यावर आतली लॉकअप नावाची प्लेट दोघांना चिकटवते, पण ती नंतरची सुधारणा.) 1905 मध्ये हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने ही कल्पना काढली ती मोटारीसाठी नव्हेच, जहाजासाठी. वाफेचं टर्बाइन पिसाट फिरायचं आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा, या दोघांचं जमवायचं कसं, हा त्याचा प्रश्न होता. आपल्याकडे मन मोहन सुरी यांनी रेल्वेच्या डिझेल इंजिनांसाठी याच जातीची 'सुरी ट्रान्समिशन' तयार केली आणि 1962 मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. शंटिंग इंजिनांसाठी ती पुढे आपल्या हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिकमध्ये बनायची.

हडपसर पाबळपासून फार लांब नाही. तरी टॉर्क कन्व्हर्टरला पाबळमध्ये यायला जेसीबीच्या पोटात बसून यावं लागलं. गावोगावी विहिरी, शेततळी आणि भावकीचे बांध उकरणारी ही पिवळी मशिनं. निवडणुकीचा निकाल लागला की त्यांच्या बकेटमधून गुलाल उधळतात, पुढाऱ्यावर त्यातून फुलांचा वर्षाव करतात. बकेट सगळ्यांनी पाहिलेली आहे. पण ढिगाऱ्यात घुसताना मशीन बंद न पडता नेट लावून उभं राहतं, ते आतल्या कन्व्हर्टरच्या जिवावर, हे फक्त ऑपरेटरला ठाऊक असतं. त्यामुळे दाजींच्या गाडीने मान टाकली तेव्हा गावात या विषयातला एकमेव जाणकार होता जेसीबीचा ऑपरेटर, आणि तो नेमका कुणाच्या तरी विजयी मिरवणुकीत गुंतलेला.

गाडी बिघडली कशी, हे सांगताना दाजी "आपोआप" हा शब्द वापरतात. ऑटोमॅटिक गाडी आहे म्हटल्यावर बिघाडही ऑटोमॅटिक, असा त्यांचा युक्तिवाद. प्रत्यक्षात असं की गाडी विकणाऱ्याने सांगितलं होतं, गिअरबॉक्सचं तेल लाइफटाइम आहे, बघायची गरज नाही. कुणाचं लाइफटाइम, ते दाजींनी विचारलं नाही. मग त्यांनी तिच्यात कांद्याच्या गोणी भरून चाकण मार्केटच्या खेपा सुरू केल्या. मागच्या सीटा कायमच्या घडी झाल्या. आक्का माहेरी यायची ती कांद्याचा वास घेऊनच. शिवाय दाजींच्या दावणीला शर्यतीचे बैल. सुप्रीम कोर्टाने 2021 च्या डिसेंबरात शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि 2023 च्या मे महिन्यात तिच्यावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हापासून खेड-शिरूर-आंबेगावच्या घाटांवर मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. घाटाच्या पायथ्याला बैलांचे टेम्पो चिखलात रुततात, आणि रुतलेला टेम्पो दोरखंड लावून ओढून काढायचा मान दाजींच्या एसयूव्हीचा. इंजिन बोंबलतंय, चाकं हलत नाहीत, आणि त्या दोन्हींच्या मध्ये कन्व्हर्टरमधलं तेल नुसतं घुसळून तापतंय, असं चित्र. बैलांना रोज दूध आणि अंडी, वरून अंगाला मालिश. गिअरबॉक्सला तेल बदलून द्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

आधी गाडी डी मध्ये टाकल्यावर क्षणभर विचारात पडू लागली. दाजी म्हणाले, "हुशार गाडी हाय, इचार करून निघती." मग ती धक्का देऊन निघू लागली. मग एका चढाला इंजिन गरजलं आणि गाडी मागे आली. शहरातल्या एका गॅरेजने गिअरबॉक्स उघडला, जळालेल्या क्लचप्लेटा आणि सगळी सीलं नवी घातली, आणि कन्व्हर्टर बाहेरून स्वच्छ पुसून त्याला चंदेरी रंग मारून दिला. बिल पाहून दाजींनी तो दिवस उपास केला. आणि कांदा पुरता संपायच्या आत गाडीने त्याच चढाला पुन्हा तेच केलं.

आता गाडी घरापुढच्या पटांगणात आणून लावली आणि गावाने तिचा ताबा घेतला. निदानं ऐकण्यासारखी होती. अमावास्येला घरात आणली. हाताने गिअर टाकले नाहीत म्हणून आत गंजले. डिझेलला भेसळ. एक जण म्हणाला, सॉफ्टवेअर. त्याचा मुलगा हिंजवडीला आहे. कुणीतरी मोबाइलवर पाहून सांगितलं की 'स्टॉल टेस्ट' करा: ब्रेक करकचून दाबायचा, डी टाकायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण द्यायचा आणि इंजिनाचे फेरे किती चढतात ते बघायचं. परीक्षा खरीच आहे, पण तिला पाच सेकंदांची मुदत असते, कारण त्या वेळात इंजिनाची सगळी ताकद तेल उकळण्यात जाते. दाजींनी ती केली. फेरे भलतेच चढले, म्हणजे आत प्लेटा घसरत होत्या. निकाल लागला होता. पण तेवढ्यात पोस्टमन आला, त्याला बघायचं होतं. मग दूध घालून परतणारे आले. जो येईल त्याला दाजी नव्याने परीक्षा करून दाखवू लागले आणि धूर निघाल्यावर टाळ्यासुद्धा पडल्या. जे काही अस्तर शिल्लक होतं ते त्या संध्याकाळी लोकरंजनासाठी खर्ची पडलं.

शेवटी आक्का म्हणाली, "अहो, त्या पोराला बोलवा आता."

तो पोरगा म्हणजे विज्ञान आश्रमात शिकून बाहेर पडलेला आणि राजगुरुनगरच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलेला मिस्त्री. पाबळचं नाव पुण्याबाहेर दोन कारणांनी जातं, एक मस्तानी आणि दुसरं हा आश्रम; आणि खरं सांगायचं तर दुसरं कारण गावाच्या जास्त उपयोगाचं आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी संपवून डॉ. श्रीनाथ कलबाग 1983 मध्ये या दुष्काळी भागात आले आणि शाळेत नापास ठरलेल्या पोरांच्या हातात वेल्डिंगचा होल्डर दिला. हाताने काम करता करता डोकं चालू लागतं, हे त्यांचं म्हणणं, आणि ते त्यांनी 2003 मध्ये जाईपर्यंत करून दाखवलं. जुन्या जीपचे भाग जोडून आश्रमाने 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर केला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या फॅब लॅबची कल्पना त्या संस्थेच्या आवाराबाहेर जिथे आधी रुजली त्यात 2002 च्या सुमाराला पाबळही होतं. त्यामुळे इथे एक गंमत आहे. पाबळच्या पारावर 'गाडीला नजर लागली' म्हणणारा माणूस आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट स्वतः कोरून काढणारा माणूस एकाच टपरीवर, एकाच बाकावर, एकच चहा निम्मा निम्मा घेत बसलेले असतात, आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नाही.

पोराने गाडीकडे पाहिलंच नाही. त्याने आधीचं बिल मागितलं. खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "दाजी, कन्व्हर्टर उघडला व्हता का?"

"रंग दिला की त्याला."

"आतून?"

दाजी गप्प. तेवढ्यात मिरवणुकीतून गुलालाने माखलेला जेसीबीचा ऑपरेटर येऊन पोचला होता. तो म्हणाला, "मग मागचा कचरा आतच हाय." दोन जाणकारांचं एकमत झालं हे पाहून बाकीच्यांची जरा निराशा झाली.

गिअरबॉक्स उतरवला. तळाचा चेंबर काढला तर आतल्या चुंबकावर केसाळ लोखंडी साय धरलेली. करड्या रंगाची मऊ पेस्ट असेल तर चालतं, ती वापराची झीज, असं पोरगा म्हणाला. इथे पेस्टमध्ये टोचणाऱ्या सळ्या होत्या. मग त्याने कन्व्हर्टर ओढून बाहेर काढला. तेलाने भरलेला असल्यामुळे तो भलताच जड लागतो. दाजींनी एकट्याने झेलायचा प्रयत्न केला आणि पुढचा बराच वेळ ते कमरेला हात लावून सूचना देत होते.

"परात आणा," पोरगा म्हणाला.

"पुरणाची परात मी देणार नाही," आक्का आतून म्हणाली. तिने प्लास्टिकचं घमेलं दिलं. "आणि एक पांढरंशुभ्र कापड पाहिजे, ज्याचे धागे सुटत नाहीत असं," पोरगा म्हणाला. नाना खाटेवरून म्हणाले, "घे की दोरीवरलं." नानांच्या मनात दाजींचा बनियन होता. पोराने हात घातला तो दोरीवर वाळत असलेल्या धोतराला. नानांच्या लक्षात येईपर्यंत ते घमेल्यावर ताणून बांधून झालं होतं.

कन्व्हर्टर तोंड खाली करून दोन विटांवर ठेवला. तेल हळूहळू गळू लागलं. हे तेल मुळात लालभडक असतं. तो रंग कारखान्यात मुद्दाम घालतात, गाडीखाली थेंब पडले तर गिअरबॉक्सचे की इंजिनाचे, ते चटकन कळावं म्हणून. दाजींचं तेल काळ्या चहाच्या वळणावर गेलेलं. डेअरीवाल्याने बोट बुडवून वास घेतला. रोज सकाळी शंभर घरांचं दूध नाकाखालून जाणारा माणूस; म्हणाला, "जळलंय." एवढ्या एका शब्दात सगळी स्टॉल टेस्ट आली. कुणीतरी विचारलं, "फॅट किती लागंल?" पण त्याने उत्तर दिलं नाही, धंद्याची चेष्टा त्याला खपत नाही.

"पाणी तर नाही मिसळलं?" ऑपरेटरने विचारलं. प्रश्न रास्त होता. पुष्कळ गाड्यांत हे तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या पोटातूनच जाते. ती आत फुटली की तेल आणि पाणी मिसळून घट्ट, गुलाबी, फेसाळ असं एक पेय तयार होतं. पुण्याला कॉलेजात असणारा भाचा उत्साहाने म्हणाला, "म्हणजे स्ट्रॉबेरी मस्तानीच की!" पटांगण एकदम शांत झालं. पुण्यात हा शब्द दुकानाच्या पाटीवर चालतो. नानांनी काठी टेकली आणि उठून बसले. "गावात मस्तानी एकच," ते म्हणाले. भाचा घरात गेला. पाणी मात्र मिसळलेलं नव्हतं.

तेल गळून झालं तेव्हा धोतरावर राहिलेला ऐवज बघायला सगळे वाकले. काळ्या चिखलात तीन प्रकारचं चकाकत होतं. पोराने जुन्या स्पीकरचं चुंबक कागदात गुंडाळून वरून फिरवलं. सुयांसारखे बारीक तुकडे टुणकन उठून चिकटले: पोलाद. बाकीचं जागचं हललं नाही. आता यात पांढरं काय आणि पिवळं काय यावर वाद सुरू झाला, आणि दाजींच्या चेहऱ्यावर प्रथमच आशा दिसली. बाजारपेठेतून सराफाला बोलावणं गेलं. तो बिचारा भिंग घेऊन आला, कारण निरोप अर्धवट पोचला होता. डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने एकेक कण उचलून, दोनदा निरखून त्याने सांगितलं, "पिवळं ते पितळंच्या जातीचं. पांढरं ते अ‍ॅल्युमिनियम. मोड म्हणून घेणार नाही." आणि चहा घेऊन गेला.

पण पोराला एवढं पुरलं. पांढरं म्हणजे स्टेटरच्या कडेची झीज, नाहीतर तेलाच्या पंपाचं अंग. पिवळं म्हणजे बुश. पोलाद म्हणजे आतलं सुयांचं बेअरिंग फुटलं. काळा चिखल म्हणजे लॉकअपच्या प्लेटेचं अस्तर, अधिक गिअरबॉक्समधल्या जळालेल्या प्लेटांची राख. तो एकेक ढीग दाखवत बोलत होता आणि पोलिसपाटील, ज्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता, सवयीने मान डोलावून ऐकत होते. मग त्याने कन्व्हर्टरच्या तोंडात दोन बोटं घालून आतलं दातेरी कडं फिरवलं. ते एका बाजूला फिरलं पाहिजे, दुसऱ्या बाजूला अडलं पाहिजे. दाजींचं दोन्ही बाजूंना फिरत होतं. "हे असं झालं की उचलताना गाडीत दम राहत नाही," पोरगा म्हणाला. बोट घालून बघायला रांग लागली. काही जणांनी दोनदा नंबर लावला. नळीसारखं जे तोंड गिअरबॉक्सच्या सीलमध्ये बसतं ते निळसर पडलेलं होतं. लोखंड असा रंग भयंकर तापल्याशिवाय बदलत नाही.

दाजींनी आता व्यवहारी मुद्दा काढला. "रॉकेल घालून खळखळून टाक. बाहेर येईल सगळं."

इथे पोरगा, जो एरवी मोठ्यांपुढे आवाज चढवत नाही, जरा ताठ झाला. घमेल्यात जेवढं तेल आलं त्याहून किती तरी आतच आहे, म्हणाला. पात्यांच्या खाचांत अडकलेलं उलटं करून येत नाही. आणि हा डबा हजारो फेऱ्यांनी फिरतो तेव्हा जड कचरा फेकला जातो तो बाहेरच्या कडेला, आणि तिथेच थर धरून बसतो. तिथे बोट जात नाही, नजर जात नाही, रॉकेल जाऊन आलं तरी काय घेऊन आलं आणि काय ठेवून आलं ते कळत नाही. आलेलं तेल स्वच्छ असतं तरीसुद्धा मी आत स्वच्छ आहे असं म्हटलं नसतं. आणि ही सगळी घाण गाडी सुरू झाली की तेलाबरोबर निघते, कूलरमधून फिरते आणि नव्या बेअरिंगांवर जाऊन पडते. चेंबरमधली जाळी मध्ये येतच नाही, ती त्या वाटेवर नसते. "मागचा गिअरबॉक्स यानंच खाल्ला," तो म्हणाला. "तुम्ही रंग देऊन त्याला पुन्हा पंगतीला बसवला."

दुसरा उपाय एकच, डबा कापायचा. किंवा नवा घ्यायचा. त्याची किंमत ऐकून दाजींनी कापायचं ठरवलं.

भोसरीला एका लेथवर आम्ही तो घेऊन गेलो. मला वाटलं होतं हातोडे-छिन्नीचं काम असेल. पण लेथवाल्या काकांनी कन्व्हर्टर चकमध्ये बसवला, डायल लावून तो डुलत नाही ना हे बराच वेळ पाहिलं, मग टूल अलगद वेल्डिंगच्या शिवणीवर आणलं. वेल्डिंग तेवढं सोलून काढायचं, खालचा पत्रा खायचा नाही, यातच सगळी कारागिरी. चंदेरी रंगाची एक बारीक सुरळी उलगडत खाली पडू लागली. मागच्या गॅरेजने कन्व्हर्टरवर केलेलं एवढं एकच काम होतं आणि ते सगळ्यात आधी निघालं. शिवण सुटली तेव्हा काकांनी मशीन थांबवलं आणि दोन्ही भाग हातांनी वेगळे केले. आतल्या कडेला बोटाच्या पेराएवढा काळा-करडा गाळ, ओल्या शिमिटासारखा नव्हे, चांगला घट्ट बसलेला. काकांनी स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर चपटे तुकडे निघाले. एक मोडकी सुई घरंगळत ट्रेमध्ये पडली. दाजींनी ती उचलली, उजेडात धरली आणि खिशात टाकली. घरी दाखवायला म्हणाले.

पुढचं काम चोख झालं: बेअरिंग, स्टेटरचं कडं, लॉकअपचं नवं अस्तर, धुणं, पुन्हा वेल्डिंग, हवा भरून पाण्यात बुडवून बुडबुडे बघणं, तोल तपासणं. तोल चुकला तर साऱ्या गाडीला हीव भरतं. इकडे गिअरबॉक्स दुसऱ्यांदा भरला गेला. कूलरच्या नळ्या पोराने उलट्या दिशेने हवा मारून साफ केल्या. समोर पांढरं फडकं धरलं होतं, त्यावर पहिल्याच झोताला काळी नक्षी उमटली. मागच्या गॅरेजने इथेही हात लावलेला नव्हता, पण त्यांना दोष देताना पोरगा सावकाश बोलला. गिऱ्हाईक घाई करतं, म्हणाला, आणि कन्व्हर्टर कापायचे पैसे मागितले की गिऱ्हाईक म्हणतं, बाहेरून तर चांगला दिसतोय. दाजी दुसरीकडे बघत होते.

जोडणीच्या दिवशी पुन्हा गर्दी. कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर बसवताना हलवत, फिरवत आत सरकवावा लागतो आणि तीन वेळा 'टक' असा आवाज यावा लागतो, कारण आत तीन ठिकाणी दाते जुळायचे असतात: टर्बाइनचे, स्टेटरचे आणि पंपाचे. दोनच टक आले आणि बोल्ट आवळून ओढून घेतला, तर पंप चालू व्हायच्या आधी मोडतो. हे कळल्यावर सगळे मोठ्याने मोजायला लागले. "एक!" "दोन!" मग बराच वेळ काही नाही. पोरगा घामाघूम. गर्दीतून सूचना आल्या: ठोक, तेल लाव, नारळ फोड. ऑपरेटर म्हणाला, "सगळे गप बसा, आवाज ऐकू येऊ द्या." लोक गप्प झाले आणि तिसरा टक आला. पोराने पट्टी लावून कन्व्हर्टर किती आत बसला ते मोजलं. कानावर त्याचा विश्वास आहे, पण पट्टीवर जास्त.

तेल भरलं, लालचुटुक. गाडी चालू करून प्रत्येक गिअरात थोडा थोडा वेळ ठेवून, तापल्यावर पुन्हा पातळी बघितली. डी टाकला तर गाडी विचार न करता सरकली. दाजी खुशीत.

"आता तेल किती किलोमीटरला बदलायचं?"

"कांदा भरणार असाल तर 40,000 च्या आत."

"आन् टेम्पो ओढायचा असंल तर?"

"तर बैल लावा," पोरगा म्हणाला. "दूध-अंडी खातात, बसून काय करतात?"

मग बिल आलं. वहीच्या कागदावर, पण सगळं लिहिलेलं: तेल, सीलं, बुश, बेअरिंग, लेथ, वेल्डिंग, मजुरी. दाजींनी प्रत्येक आकड्याशी थोडी थोडी हुज्जत घातली, रीत म्हणून. नानांनी चष्मा मागवला आणि कागद स्वतः हातात घेतला. वरपासून वाचत आले आणि एका ओळीवर थांबले.

"गाळणी कापड, एक. हे कुठलं रं?"

"ते... तुमचं, नाना. त्याचे पैसे बिलातून वजा केलेत मी."

"कापड? नागपुरी काठ हाय त्याला. धोतर लिही."

पोराने कापड खोडून धोतर लिहिलं.

"काठाचं," नाना म्हणाले. पोराने काठाचं लिहिलं. नानांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "आन् त्याच्या खाली उपरणं लिही. नळ्यांत हवा मारताना फडकं म्हणून काय धरलं व्हतंस, ते खाटेवरून दिसतं मला."